अमृतसरचा मुक्काम: खोली साधी चालेल, जागा जवळची हवी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून अमृतसरला जाणाऱ्यांची वाट जुनी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधी समाजात नानकपंथी पुष्कळ. कॅम्प एक ते पाच, कुठल्याही भागात फिरा, टिकाणे आणि दरबार ही त्यांची प्रार्थनास्थळं दिसतात आणि पहाटेच्या अमृतवेळेला कीर्तनाचे सूर कानावर येतात. घरात नातवंड झालं, मुलाचं दुकान सुरू झालं, की ‘एकदा हरिमंदिराला माथा टेकून येऊ’ हे वाक्य इथे सहज निघतं. शेजारपाजारची मराठी कुटुंबंही आता मोठ्या संख्येने निघतात. कुणी सुवर्णमंदिरासाठी, कुणी जालियनवाला बागेसाठी, कुणी वाघ्याच्या सीमेसाठी.

निघायचं ठरलं की पहिला प्रश्न राहण्याचा. बजेट बेताचं, सोबत आई-वडील किंवा लहान मुलं, आणि मोबाइलवर शेकडो हॉटेलांचे चकचकीत फोटो. अशा वेळी बहुतेक जण खोली किती मोठी, एसी आहे का, नाश्ता फुकट आहे का, एवढंच पाहून पैसे भरतात. माझं म्हणणं असं की अमृतसरात या गोष्टी मागाहून पाहाव्यात. आधी पाहायचं ते हॉटेलपासून दरबार साहिबपर्यंतचं, म्हणजे सुवर्णमंदिरापर्यंतचं, पायी अंतर. तिथे दोन रात्री काढायच्या असतील, तर पैशांचा मोठा वाटा या अंतरावर खर्च करा. खोली साधी चालेल.

असं म्हणण्याचं कारण त्या जागेच्या दिनक्रमात आहे. हरिमंदिर साहिबचे किवाड रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उघडतात. उन्हाळ्यात लवकर, हिवाळ्यात थोडे उशिरा. त्यानंतर पहाटे अकाल तख्तातून गुरू ग्रंथसाहिबांची पालखी निघते आणि हरिमंदिरात येते. रात्री तीच पालखी पुन्हा अकाल तख्ताकडे परतते. पालखीला खांदा द्यायला माणसं ओळीत उभी असतात, वाटेवर गुलाबपाणी शिंपडलं जातं, ढोल आणि रणसिंग वाजतं. सरोवराचं पाणी तेव्हा काळंभोर असतं आणि सोन्याच्या मंदिराचं प्रतिबिंब त्यात स्थिर दिसतं. दिवसा अकरा-बारा वाजता पुलावरच्या दर्शनाच्या रांगेत तास-दोन तास जातात, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. म्हणजे इथल्या सगळ्यात मोलाच्या वेळा पहाटे तीन-चारच्या आणि रात्री दहाच्या आसपासच्या. त्या वेळी मुक्काम रणजित अव्हेन्यूला किंवा विमानतळाच्या रस्त्याला असेल तर रिक्षा शोधण्यापासून सुरुवात. सोबतच्या सत्तरीच्या आईला तुम्ही झोपेतून उठवाल, पण थंडीत रिक्षासाठी रस्त्यावर उभं करणार नाही. मग दर्शन एकदाच होतं, दुपारच्या गर्दीत, आणि अर्धी यात्रा राहून जाते. खोली पाच-सात मिनिटांच्या अंतरावर असेल तर माणूस दिवसातून तीनदा जाऊन येतो, थकलं की खोलीवर येऊन पाठ टेकतो आणि पुन्हा निघतो.

म्हणून जाहिरातीतल्या ‘सुवर्णमंदिराजवळ’ या शब्दांवर विसंबू नका. तीन किलोमीटरवरची हॉटेलंही तसंच लिहितात. मोबाइलच्या नकाशावर हॉटेलपासून घंटाघराच्या ड्योढीपर्यंत, म्हणजे प्रवेशद्वारापर्यंत, किंवा गुरू रामदास निवास या यात्रेकरूंच्या सराईपर्यंत चालत जायचा मार्ग काढा आणि गाडीचं अंतर सोडून फक्त पायी लागणारी मिनिटं पाहा. दहा मिनिटांच्या आतलं असेल तरच पुढचं बोला.

परिसराची थोडी ओळख असली की निवड सोपी होते. दरबार साहिबला चार बाजूंनी प्रवेश आहे. टाउन हॉलकडून घंटाघराकडे येणारा रुंद, दगडी फरशीचा रस्ता म्हणजे हेरिटेज स्ट्रीट. तो २०१६ मध्ये नव्याने उभारला गेला आणि त्यावर वाहनांना मनाई आहे. या बाजूचं हॉटेल घेतलं तर जालियनवाला बाग, फाळणी संग्रहालय, जुने ढाबे सगळं पायाखाली येतं, पण सामान घेऊन शेवटचा टप्पा चालावा लागतो. दुसरी बाजू सराईंची. घी मंडी चौकाकडून आत आलं की ब्रह्मबूटा मार्केटच्या गल्ल्यांत लहान लहान हॉटेलं आहेत. इथे ई-रिक्षा बरीच जवळ येते. गुडघे दुखणारी माणसं सोबत असतील तर मी हीच बाजू सुचवेन. आटा मंडी आणि माई सेवां बाजाराच्या बाजूला गल्ल्या फार अरुंद आहेत. तिथे स्वस्त खोली मिळते, पण रात्री पहिल्यांदा येणाऱ्याला गल्ली सापडणं अवघड जातं. हॉटेलवाल्याला आधीच सांगा की चौकापर्यंत कुणाला तरी घ्यायला पाठवा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

आता सराईंबद्दल. त्यांची माहिती नसल्यामुळे अनेक जण विनाकारण महाग खोल्या घेतात. १९२० मध्ये स्थापन झालेली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती दरबार साहिबच्या परिसरात यात्रेकरूंसाठी सराई चालवते: गुरू रामदास निवास, गुरू अर्जनदेव निवास, गुरू हरगोबिंद निवास, माता गंगाजी निवास आणि अलीकडची सारागढी निवास. कोणत्याही धर्माचा माणूस इथे राहू शकतो. मोठ्या सभागृहात सतरंजी टाकून झोपायला पैसे लागत नाहीत. स्वतंत्र खोल्यांचं भाडं बाहेरच्या हॉटेलांपेक्षा बरंच कमी असतं आणि सारागढी निवासात तर एसी खोल्या, लिफ्ट वगैरे सोयीही आहेत. खोली थोड्याच दिवसांसाठी मिळते, सगळ्यांना संधी मिळावी म्हणून. काही खोल्या समितीच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी आरक्षित करता येतात, काही तिथे जाऊन ओळखपत्र दाखवून मिळतात. एकट्याने जाणाऱ्याने आधी फोन करून नियम विचारून घ्यावेत.

इथे एक सावधगिरी फार गरजेची आहे. सराईंच्या नावाने बनावट संकेतस्थळं उघडून भाविकांकडून पैसे उकळण्याचे प्रकार घडले आहेत आणि समितीने स्वतः त्याबद्दल लोकांना सावध केलं आहे. शोधयंत्रात ‘सारागढी सराई बुकिंग’ असं टाकून जो पहिला मोबाइल नंबर दिसेल त्यावर पैसे पाठवू नका. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवून ‘अर्ध्या तासात पैसे भरा, नाहीतर खोली जाईल’ म्हणत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवा. समितीच्या संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासून मगच पुढे जा. खासगी हॉटेलांनाही हेच लागू. नकाशावर दिलेला हॉटेलचा नंबर कुणीतरी बदलून टाकलेला असू शकतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या ठिकाणी तोच नंबर आहे का ते पाहा आणि आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्याहून जास्त देऊ नका.

सराई की हॉटेल? तरुण जोडपं असेल, मित्रमंडळी असतील, वार सोमवार ते गुरुवार असेल, तर सराईचाच प्रयत्न करा. गुरुद्वाराच्या आवारात राहण्यात एक वेगळा अनुभव आहे. रात्री व्हरांड्यात हरियाणाचा शेतकरी, लंडनहून आलेलं कुटुंब आणि बिहारचा विद्यार्थी एकाच नळावर पाणी भरताना दिसतात. पण लहान बाळ असेल, कुणाला रात्रीतून चारदा उठावं लागत असेल, पथ्यपाणी असेल, किंवा तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचणार असाल, तर सराईच्या भरवशावर राहू नका. शनिवार-रविवारी दिल्ली आणि सगळ्या पंजाबातून माणसं येतात आणि दुपारीच खोल्या संपतात. अशा वेळी दीड-दोन हजारांच्या आतलं खासगी हॉटेल आधी ठरवून जाणं शहाणपणाचं.

त्या हॉटेलांतल्या खोल्या कशा असतात ते नीट समजून घ्या. जुन्या तटबंदीच्या आतलं अमृतसर दाट वस्तीचं आहे. जिथे एकेकाळी एका कुटुंबाचं चिंचोळं घर होतं तिथे चार-पाच मजली हॉटेल उभं राहिलेलं असतं. समोरच्या बाजूच्या दोन खोल्यांना रस्त्यावरची खिडकी मिळते. मधल्या खोल्यांची खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर भिंत आणि खाली हवेसाठी सोडलेला चौकोनी बोळ. काही खोल्यांना खिडकीच नसते आणि फोटोत ती जागा पडद्याने झाकलेली असते. म्हणून फोनवर थेट विचारा: ‘खिडकी कुठे उघडते?’ उत्तर गोलमोल आलं तर व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा. पडदा बाजूला करायला लावा, बाथरूमचा नळ सोडायला लावा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. चांगला व्यवस्थापक खुशीने दाखवतो.

दुसरा प्रश्न जिन्याचा. ‘लिफ्ट आहे’ म्हणणाऱ्याला विचारा की ती तळमजल्यापासून आहे का आणि रात्री चालू असते का. पुष्कळ ठिकाणी स्वागतकक्षापर्यंतच आठ-दहा उंच पायऱ्या असतात. आई-वडिलांसाठी पहिल्या मजल्याची खोली आग्रहाने मागा, भले थोडी लहान असली तरी. तिसरा प्रश्न गरम पाण्याचा. थंडीत अमृतसरला हे फार महत्त्वाचं होतं. खोलीत स्वतंत्र गिझर आहे, की सकाळी ठरावीक वेळात बादलीने पाणी मिळतं? तुम्ही पहाटे तीनला आंघोळ करून निघणार असाल आणि पाणी सहाला येणार असेल, तर त्या सोयीचा उपयोग नाही. चौथी गोष्ट अंथरुणाची. चादर तुमच्यासमोर बदलून घ्या, रजईला खोळ आहे का बघा, गादीचा कोपरा उचलून ढेकूण आहेत का पाहा. घरून दोन चादरी आणि उशीचे अभ्रे नेले तर ओझं फारसं वाढत नाही आणि झोप निर्धास्त लागते.

पैशांचा हिशेब आधीच स्पष्ट करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. म्हणजे दीड हजारांच्या खोलीवर ७५ रुपये. कुणी अजूनही जुन्या दराने कर लावत असेल तर पावती मागा. सांगितलेलं भाडं करासह आहे का, तिसऱ्या माणसाच्या गादीचे किती, दहा वर्षांच्या मुलाचे वेगळे का, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी बोलणं काउंटरवर पोचेपर्यंत बदलतं. आणखी एक महत्त्वाचा मुद्दा वेळेचा: काही हॉटेलं चोवीस तासांचा हिशेब धरतात, काही दुपारी बाराला खोली रिकामी करायला लावतात. तुमची गाडी सकाळी सातला पोचत असेल आणि खोली बाराला मिळणार असेल, तर मधले पाच तास कुठे घालवायचे हे आधी ठरलेलं बरं. अ‍ॅपवरून आरक्षण केलं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला थेट फोन करून नाव नोंदलेलं आहे का विचारा. सणाच्या दिवसांत ‘तुमचं बुकिंग आमच्याकडे आलंच नाही’ हे उत्तर ऐकून रात्री अकराला रस्त्यावर यायची वेळ नको.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं लागतं. मुलांचंही जवळ ठेवा. आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत द्या, ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त हॉटेल नोंदणीसाठी’ असं लिहून सही केली तर आणखी चांगलं.

गाडी कोणती धरता यावर मुक्काम किती रात्रींचा हे ठरतं. आपल्या बाजूला सगळ्यात सोयीची म्हणजे कल्याणला थांबणारी मुंबई-अमृतसर एक्सप्रेस. जुनी मंडळी तिला अजून ‘पठाणकोट’च म्हणतात. ती नाशिक, मनमाड, भुसावळवरून जाते, थांबे भरपूर घेते, वेळ जास्त लागतो; पण बदलापूर-अंबरनाथच्या माणसाला लोकलने कल्याण गाठलं की काम झालं. मध्यरात्रीनंतर कल्याणला येणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना तारीख नीट बघा, कारण रात्री बारानंतर तारीख बदललेली असते आणि दरवेळी कुणाचं तरी तिकीट यात चुकतं. पश्चिम रेल्वेची गोल्डन टेंपल मेल वेगवान आहे. १९२८ मध्ये पेशावरसाठी सुरू झालेली फ्रंटियर मेल ती हीच. पश्चिम एक्सप्रेसही आहे. या दोन्हींसाठी दादरला बदलून बोरिवली गाठावं लागतं, आणि सामानासह लोकलमध्ये ते सोपं नाही. तिसरा मार्ग मनमाडहून. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडवरून अमृतसरला जाते. तिच्या वाटेवर निरनिराळ्या स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना मोफत लंगर वाढतात, आणि ते घ्यायला त्या गाडीत बहुतेक प्रवासी घरून एक डबा सोबत घेऊन चढतात.

आरक्षण आता साठ दिवस आधीच खुलं होतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला. म्हणून आधी गाडी, मग खोली. पंजाबात शेतकरी आंदोलनामुळे रेल्वेमार्ग बंद पडण्याचे प्रसंग येतात, तेव्हा ज्याचे पैसे परत मिळतात असं हॉटेल आरक्षण घ्या, चार पैसे जास्त लागले तरी. गाडी रात्री उशिरा पोचणारी असेल तर पहिल्या रात्रीचं हॉटेल पक्कं हवंच. स्थानकाबाहेर पडल्यावर कुणी रिक्षावाला सांगेल, ‘ते हॉटेल बंद झालंय, माझ्या ओळखीचं आहे’. त्याच्याशी वाद न घालता हॉटेलला फोन लावून त्याच्याच हातात द्या. समितीच्या मोफत बसही स्थानकावरून दरबार साहिबपर्यंत धावतात. दिवसा पोचलात तर त्यांची चौकशी करा. बोलताना ‘वीरजी’, ‘भैणजी’ म्हणा, भेटताना ‘सत श्री अकाल’. तिथे या शब्दांनी माणसं लगेच मोकळी होतात.

ऋतूचा विचार गांभीर्याने करा. बदलापूरला पारा तेरा-चौदावर आला की आपल्याकडे बातमी होते. अमृतसरात डिसेंबर-जानेवारीत तो चार-पाचपर्यंत उतरतो, धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. आणि परिक्रमा अनवाणी करायची असते. आत शिरताना पाय धुण्याच्या पाण्यातून जावं लागतं आणि नंतर संगमरवर. वाटेवर चटया अंथरलेल्या असतात, त्यावरूनच वृद्धांना चालवा. जाड मोजे सोबत ठेवा, बाहेर आल्यावर लगेच घालायला. मे-जूनमध्ये उलट, पारा चाळिशीच्या वर जातो. माझ्या मते फेब्रुवारीचा उत्तरार्ध, मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सगळ्यात बरे. बैसाखी, दिवाळी आणि गुरूंचे प्रकाशपर्व या दिवसांत सोहळा देखणा असतो. तेव्हा जायचं तर दोन महिने आधी खोली ठरवा आणि भाडं वाढलेलं असेल हे गृहीत धरा.

दरबार साहिबची मर्यादा पाळायची म्हणजे डोकं झाकलेलं हवं. ओढणी किंवा मोठा रुमाल घरून न्या, नाहीतर दारात रुमाल मिळतात. चपला जोडाघरात ठेवायच्या. तंबाखू, गुटखा, सिगारेट खिशातही नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये पंजाब विधानसभेने तटबंदीच्या आतल्या अमृतसरला पवित्र नगराचा दर्जा देण्याचा ठराव केला, त्यामुळे मांस, दारू, तंबाखू यांबाबत त्या भागात आणखी काटेकोरपणा आहे. हॉटेलच्या खोलीत ‘कोण बघतंय’ म्हणून बाटली उघडू नका. तुम्ही त्यांच्या सगळ्यात पवित्र जागेपासून शंभर पावलांवर आहात.

खाण्यावर फारसा खर्च होत नाही. म्हणून ‘नाश्त्यासह’ खोलीसाठी जादा पैसे देऊ नका. गुरू रामदास लंगर दिवसरात्र चालू असतं. पंगतीत बसायचं, पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, पानात काही टाकायचं नाही. जेवून झालं की तासभर भांडी घासायला किंवा लसूण सोलायला बसा. मुलांनाही बसवा, ती ते कधी विसरत नाहीत. बाहेर एकदा कुलचा खावा आणि एकदा चौक पासियांतल्या केसर दा ढाब्यावर जावं. १९१६ मध्ये शेखुपुऱ्यात सुरू झालेला हा ढाबा फाळणीनंतर अमृतसरला आला. सगळं तुपात असतं. आपल्या पोटाला सवय नसते, तेव्हा रात्री उशिरा जाण्यापेक्षा दुपारी जा.

पायी फिरण्याच्या टप्प्यात दोन जागा आहेत, त्यांना वेळ द्या. जालियनवाला बाग दरबार साहिबपासून पाच मिनिटांवर. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरच्या सैनिकांनी ज्या अरुंद बोळातून आत येऊन गोळीबार केला तो बोळ आजही आहे, मात्र २०२१ च्या नूतनीकरणानंतर त्याचं रूप बदललं आहे. भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा मुलांना दाखवा. दुसरी जागा टाउन हॉलमधलं फाळणी संग्रहालय. २०१७ मध्ये ते पूर्णपणे सुरू झालं. सोमवारी बंद असतं. उल्हासनगरच्या कुटुंबांनी इथे घरातल्या वृद्धांना नक्की न्यावं. एका दालनात फुलकारीचं काम केलेला एक कोट आणि एक चामडी बॅग ठेवली आहे. फाळणीआधी लग्न ठरलेली दोन माणसं, दोघांची ताटातूट झालेली, आणि अमृतसरच्या निर्वासित छावणीत जेवणाच्या रांगेत पुन्हा समोरासमोर आलेली. त्या कोटाची आणि बॅगेची ती गोष्ट. कॅम्पातल्या बराकींमध्ये बालपण गेलेल्या माणसाला तिथे बोलतं व्हायला वेळ लागत नाही. त्यांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

वाघा-अटारी साधारण तीस किलोमीटरवर. सूर्यास्ताच्या सोहळ्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि सीमेवरच्या परिस्थितीप्रमाणे सोहळ्याचं स्वरूपही. मे २०२५ मध्ये काही दिवस तो प्रेक्षकांसाठी बंदच होता. म्हणून त्या दिवशी सकाळी हॉटेलमध्ये विचारूनच गाडी ठरवा. बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्या खोलीवर ठेवा. मूळ ओळखपत्र मात्र जवळ हवं.

हातात आणखी एक दिवस असेल तर वाघ्यापेक्षाही मी घुमानचं नाव आधी घेईन. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे छोटं गाव अमृतसरहून दीड-दोन तासांवर आहे. संत नामदेवांनी आयुष्याचा उत्तरकाळ इथे घालवला अशी पंजाबची श्रद्धा आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांचे ६१ शबद आहेत. पहाटे हरिमंदिरात कानावर पडणाऱ्या कीर्तनात पंढरपूरच्या वारकऱ्याचे शब्दही असू शकतात, हे मराठी माणसाने माहीत करून घेऊन जावं. एप्रिल २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं. बस बदलत जाता येतं, चार-पाच जण असाल तर दिवसाची गाडी परवडते. गुरुद्वारात लंगर असतं. महाराष्ट्रातून आलो म्हटलं की तिथली माणसं किती आपुलकीने वागतात ते अनुभवण्यासारखं आहे.

शेवटच्या दिवसाचं नियोजन लोक विसरतात. गाडी संध्याकाळची असते, खोली दुपारी बाराला सोडायची असते, आणि काही हॉटेलं अर्ध्या दिवसाचं भाडं मागतात. ते देण्याची गरज नाही. सामान हॉटेलच्या काउंटरमागे ठेवू देतात का विचारा, नाहीतर सराईंजवळ गठरीघर आहे, तिथे यात्रेकरूंचं सामान सांभाळलं जातं. कुलूप लावलेली बॅग द्या, औषधं, दागिने आणि तिकिटं स्वतःजवळ ठेवा, बिल्ला जपून ठेवा. मग दुपार बाजारात घालवता येते. पापड आणि अमृतसरी वडी घ्यायची ती इथूनच. वडी तिखट आणि मसालेदार असते, बटाट्याच्या रश्श्यात दोन तुकडे पुरतात. फुलकारीच्या ओढण्या घेताना यंत्राचं काम आणि हाताचं काम यातला फरक उलट बाजूने पाहून ओळखा आणि रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात भाव दुप्पट असू शकतो हे लक्षात ठेवा. गाडीच्या दीड तास आधी गठरीघरातून सामान घ्या, लंगरमध्ये जेवा आणि घी मंडीच्या बाजूने ई-रिक्षा धरा. संध्याकाळी हॉल गेटच्या रस्त्याला गर्दी तुंबते, त्यामुळे स्थानकापर्यंत अर्धा तास धरून चाला.